अण्णांचं पॅकेज बुक झालं, पण आईचं काय?

(पत्र जरा कमी करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

"मॅडम, नमस्कार. मी 46 वर्षांची, सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहते, आईवडील मागच्याच गल्लीत. अण्णा 79 चे, आधी गिरणीत होते, शुगर 25 वर्षांपासून, बायपास झालीय, किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं असतं, विडी सोडून 20 वर्षं झाली. आई 68 ची, आयुष्यभर विड्या वळल्या, अजून मिशेरी लावते, बाकी तिला ना बीपी ना शुगर, रोज चालत सिद्धेश्वराला जाऊन येते. अण्णांच्या जुन्या मित्राला आतड्याचा कॅन्सर निघाला आणि ते लगेच गेले, तेव्हापासून अण्णांनी धसका घेतलाय. पुण्याच्या भावानं दोघांचं कॅन्सर पॅकेज ऑनलाइन बुक केलं, 18 हजार रुपये, पीएसए, सीईए, सीए 19-9, सीए 125 आणि असलं बरंच काय काय, रक्त घरी येऊन नेणार. अण्णा खूश आहेत. आई मात्र ऐकतच नाही, म्हणते हात दाखवून अवलक्षण कशाला, या वयात काय निघालं तर कोण करणार. तिची आजवर एकही तपासणी झालेली नाही. मध्ये दोनदा तिच्या साडीला डाग दिसला होता, पण ती म्हणाली उष्णतेनं झालं असेल. दोघांचं वय बघता या टेस्ट कराव्यात का, आणि आईला तयार कसं करू?"

ताई, नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय, ती साडीच्या डागाची. बाकी सगळं बोलू, पण आधी हे. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की त्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, गुलाबी दिसलं, तपकिरी दिसलं, एकदा दिसलं की दोनदा, ते दाखवायचंच असतं, त्याला वयाची सूट नाही आणि उष्णतेचं कारण तर अजिबात चालत नाही. घाबरवत नाहीये, उलट बहुतेक बायकांमध्ये कारण साधं निघतं, आतलं अस्तर कोरडं आणि पातळ झालेलं असतं किंवा छोटा पॉलिप म्हणजे मांसाचा कोंब असतो, कधी तर रक्त लघवीच्या जागेचं नाहीतर मूळव्याधीचं निघतं. पण अशा रक्तस्राव होणाऱ्या साधारण दहा बायकांत एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असतो आणि शिवाय गर्भाशयाच्या तोंडाचा असू शकतो तो वेगळाच. आणि अस्तराच्या कॅन्सरची चांगली गोष्ट ही की तो लवकरच रक्ताच्या रूपानं खबर देतो, तेव्हाच गाठला तर पुष्कळदा पिशवी काढण्याच्या ऑपरेशनवर काम भागतं आणि बहुतेक बायका चांगल्या बऱ्या होतात.

तर या आठवड्यात आईला स्त्रीरोगतज्ज्ञाकडं न्या. सिव्हिलला गायनॅक ओपीडी आहे, खाजगीत कुणी ओळखीच्या असतील तर तिथं न्या, बाई डॉक्टर पाहिजे असं आधीच सांगा, त्यात लाजायचं काही नाही. तिथं काय होईल ते सांगते म्हणजे आईला आधी सांगता येईल. डॉक्टर आधी नीट डोळ्यांनी बघतील, रक्त नेमकं कुठून आलं ते, मग आतून सोनोग्राफी, त्यात अस्तराची जाडी मोजतात, 4 मिलिमीटर किंवा त्याच्या आत असेल तर कॅन्सरची शक्यता खूप कमी होते. जास्त असेल, किंवा जाडी कमी असूनही रक्त परत परत येत असेल, तर बारीक नळीनं अस्तराचा तुकडा घेऊन तपासायला पाठवतात. तुमच्या आईला दोनदा झालंय हे न विसरता सांगा, कारण आई स्वतः एकदाच म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. तुमच्याकडं घरात तेलुगू चालत असेल तर तुम्ही आत सोबत थांबा, पूर्व भागातल्या कितीतरी आज्या मराठीत डॉक्टरांना नुसतं "बरं हाय" एवढंच सांगतात आणि खरं दुखणं तेलुगूत लेकीला सांगतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. काही त्रास नाही, सगळं ठीक चाललंय, आणि तरी आपण कॅन्सर शोधायला जातो, त्याला स्क्रीनिंग म्हणतात. त्रास आहे म्हणून शोधतो तो तपास. हा फरक मी एवढ्यासाठी सांगतेय की स्क्रीनिंग करावं की नको याला वयाचा, तब्येतीचा, इच्छेचा विचार असतो, तिथं नाही म्हणणं हेसुद्धा शहाणपणाचं असू शकतं. तपासाला मात्र 68 काय आणि 88 काय, करायचाच. आईचा डाग हा तपासाचा विषय आहे, तिथं पॅकेजचा काही उपयोग नाही, पॅकेजमध्ये सीए 125 नॉर्मल आला तर उलट घरातले सगळे निवांत होतील आणि अस्तराचा कॅन्सर आत तसाच राहील. मला त्या पॅकेजची सगळ्यात मोठी भीती हीच वाटते.

भावाचा आईवडिलांवर जीव आहे म्हणून त्यानं केलं, त्याला बोल लावू नका. पण या रक्ताच्या टेस्टबद्दल स्पष्ट सांगते. सीईए, सीए 19-9, सीए 125 या टेस्ट मुख्यतः ज्यांना कॅन्सर आहे हे आधीच कळलंय त्यांचा उपचार कसा चाललाय ते बघायला असतात. धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायला त्या उपयोगाच्या ठरलेल्या नाहीत. सीईए विडी सिगरेट ओढणाऱ्यांत तसाही वाढलेला असतो, सीए 19-9 पित्ताच्या खड्यांनी, काविळीनं वाढतो, सीए 125 गर्भाशयाच्या गाठींनी वाढतो, पोटाच्या टीबीनं वाढतो. ब्रिटनमध्ये 2 लाखांवर बायकांना, 50 ते 74 वयाच्या, घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास केला, काहींची दरवर्षी सीए 125 आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी, काहींची नुसती सोनोग्राफी, काहींना काहीच नाही, 2021 मध्ये शेवटचा निकाल आला आणि अंडाशयाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झालेच नाहीत. एवढी मोठी मेहनत करून. मग आपल्याकडं घरी येऊन रक्त नेऊन काय साधणार?

आणि अजून एक, हे पॅकेज घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. रिपोर्टवरची नॉर्मलची हद्द ठरवतात तीच अशी की शंभर निरोगी माणसांतले साधारण 95 तिच्या आत बसतात, म्हणजे पाच जण काहीही नसताना बाहेर. एका टेस्टला ठीक आहे. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टवरसुद्धा एक तरी आकडा ठळक, लाल येण्याची शक्यता 64 टक्के होते. लाल आकडा आला की झोप गेली. मग सीटी करा, मग त्यात काहीतरी बारीक दिसतंय म्हणून अजून एक, मग सुई घाला. अण्णांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे म्हणता, शिरेतून औषध (कॉन्ट्रास्ट) देऊन सीटी करायची वेळ आली तर किडनीला धोका, तो कशासाठी घ्यायचा?

दक्षिण कोरियाची गोष्ट सांगते, मला ती फार महत्त्वाची वाटते. तिथं 1999 पासून सरकारनं कॅन्सर तपासणी सुरू केली, त्यात थायरॉइड नव्हता, पण लोक आलेच आहेत तर थोडे पैसे जास्त घेऊन गळ्याची सोनोग्राफी पण करून टाकू असं दवाखान्यांनी सुरू केलं. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या 15 पट झालं. पंधरा पट! आणि थायरॉइड कॅन्सरनं मरणाऱ्यांची संख्या? तेवढीच राहिली. म्हणजे जे सापडले त्यातले बहुतेक कॅन्सर असे होते की माणूस त्यांच्यासकट म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणानं गेला असता, त्याला कधी कळलंही नसतं. पण सापडल्यावर कुणी गप्प बसत नाही, जवळजवळ सगळ्यांच्या ग्रंथी काढल्या, आयुष्यभर गोळी मागं लागली, ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या साधारण 11 जणांना कॅल्शियम कमी होण्याचा त्रास, दोघांच्या स्वरतंतूंना इजा. हे नुकसान त्या कॅन्सरनं केलेलं नाही, शोधण्यानं केलं.

म्हणून आता अण्णा. पीएसए ही प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची टेस्ट. वयस्कर पुरुषांत प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी असणं इतकं सामान्य आहे की दुसऱ्याच कारणानं गेलेल्या म्हाताऱ्यांची शवविच्छेदनं केली तर त्यातल्या कितीतरी जणांत त्या सापडतात, आणि त्या माणसाला जिवंतपणी त्याचा काडीचा त्रास झालेला नसतो. शिवाय पीएसए नुसती ग्रंथी वाढली तरी वाढतो, लघवीचं इन्फेक्शन झालं तरी वाढतो, लघवीची नळी (कॅथेटर) घातलेली असेल तरी वाढतो. आणि वाढलेला दिसला की पुढं बायोप्सी, म्हणजे सुईनं ग्रंथीचे तुकडे काढून तपासायचे, त्यात रक्तस्राव, इन्फेक्शन, शुगरच्या पेशंटला तर ते अजून महागात पडतं. मी असे आजोबा बघितलेत की घरात हसतखेळत होते, पॅकेजमध्ये पीएसए थोडा जास्त आला, बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप, आयसीयू, आणि शेवटी रिपोर्ट काय तर नुसती वाढ. अमेरिकेतली जी सरकारनं नेमलेली तज्ज्ञांची समिती आहे ती 2018 पासून सांगतेय की 70 च्या पुढं पीएसएचं स्क्रीनिंग करू नका, 55 ते 69 मध्ये माणसानं डॉक्टरशी बोलून आपलं आपण ठरवावं. अण्णा 79 चे आहेत. नको.

स्क्रीनिंगचा फायदा लगेच मिळत नाही हे लोकांना कुणी सांगतच नाही. त्रास आज, फायदा खूप पुढं. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्सरे) किंवा शौचातलं रक्त तपासायची टेस्ट घ्या, परदेशातले मोठे अभ्यास एकत्र करून हिशोब काढला तेव्हा असं दिसलं की हजार जणांची तपासणी केली तर त्यातला एक मृत्यू टळायला साधारण 10 वर्षं लागतात. म्हणून वय हा एकटा मुद्दा नाही, पुढची दहा वर्षं माणूस बऱ्यापैकी असेल का हा मुद्दा आहे. 68 च्या आईला, जी रोज सिद्धेश्वराला चालत जाते, ती दहा पंधरा वर्षं सहज आहेत असं मला वाटतं. अण्णांचं हृदय, किडनी, शुगर बघता त्यांच्यासाठी मोलाची गोष्ट वेगळी आहे.

मित्राला आतड्याचा निघाला म्हणून अण्णांना ती भीती आहे, तर तेही बोलते. आतड्यातल्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. त्यासाठी कोलोनोस्कोपी (आतड्यात दुर्बीण घालून बघणं) करायची म्हणजे आदल्या दिवशी लिटरच्या लिटर औषध पिऊन पोट साफ करायचं, त्यात अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात, अशी किडनी आणि असं हृदय असलेल्या माणसाला ते झेपत नाही, बायपासनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा, आणि क्वचित आतड्याला छिद्र पडतं, वय जास्त तेवढा धोका जास्त. ज्या देशांत हे सगळ्यांना करतात तिथंसुद्धा 75 नंतर सरसकट करत नाहीत, 85 नंतर तर करतच नाहीत. फुप्फुसाचं बघायला कमी डोसचा सीटी असतो, पण तो खूप विडी सिगरेट ओढलेल्यांना आणि सोडून 15 वर्षांच्या आत असलेल्यांना सांगतात, अण्णांनी 20 वर्षांपूर्वी सोडली (आणि हे फार चांगलं केलं, त्यांना माझ्याकडून सांगा). त्यात आपल्याकडं जुन्या टीबीचे डाग इतक्या लोकांच्या छातीत असतात की सीटीवर काहीतरी दिसणारच आणि मग त्याच्यामागं पळापळ.

कुठल्याही टेस्टच्या आधी एक प्रश्न विचारायचा, पॉझिटिव्ह आली तर पुढं काय करणार? अण्णांचं मोठं ऑपरेशन, केमो, रेडिएशन करणार का, ते त्यांना झेपेल का, त्यांना हवं आहे का? उत्तर नाही असेल तर शोधायलाच जाऊ नका.

पण म्हणून त्यांच्याकडं दुर्लक्ष करायचं असं मी म्हणत नाहीये. लघवीतून रक्त, शौच काळं पडणं, घास अडकणं, भूक जाऊन वजन उतरणं, आवाज घोगरा होऊन तीन आठवडे तसाच राहणं, यातलं काहीही झालं तर तो तपास, तेव्हा त्यांचं वय मध्ये आणायचं नाही. रात्री लघवीला चार वेळा उठत असतील तर तेही डॉक्टरला सांगा, त्यावर औषधं आहेत. आणि तोंड बघून घ्या त्यांचंही, त्यात काही नुकसान नाही.

आता त्यांना हे सांगायचं कसं. कृपा करून "अण्णा, आता तुमचं वय झालं, करून काय उपयोग" असं कुणी म्हणू नका, भावाला पण सांगून ठेवा. अमेरिकेत संशोधकांनी वयस्कर लोकांनाच विचारलं की तपासणी थांबवायची तर डॉक्टरांनी कसं सांगावं, तर त्यांचं म्हणणं पडलं की तुम्ही तेवढे जगणार नाही असं ऐकायला आवडत नाही, या टेस्टनं तुमचा फायदा होणार नाही असं सांगा. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना वेगळं वाटत असेल असं मला वाटत नाही. त्यांना म्हणा, अण्णा, या टेस्टनं तुमचं आयुष्य वाढत नाही, उलट दवाखान्याच्या फेऱ्या वाढतील, त्याच पैशात आपण तुमचे डोळे, पाय, किडनी बघून घेऊ. शुगरवाल्याच्या पायाची जखम, डोळ्याचा पडदा, फ्लूची लस, रात्री बाथरूमला जाताना पडू नये म्हणून दांडी आणि दिवा, याच गोष्टींनी 79 च्या माणसाचं पुढचं वर्ष चांगलं जातं. आणि मित्र गेल्याचं दुःख आहे त्यांना, त्यांच्या वयाचं एक एक माणूस जातंय, त्याबद्दल त्यांच्याजवळ बसून बोला. टेस्ट मागतात तेव्हा बरेचदा त्यांना तेच हवं असतं.

आईकडं येते. तुमच्या घरात ज्यांना फायदा कमी त्यांचं बुकिंग झालं आणि जिला खरा फायदा आहे ती नको म्हणतेय. आणि तिला लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्ये नाहीतच!

पहिलं तोंड. तंबाखू भाजून केलेली मिशेरी वर्षानुवर्षं हिरड्यांना घासायची, तिथंच थोडी ठेवायची, त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो यात आता शंका उरलेली नाही. आणि तोंडाचा कॅन्सर येण्याआधी बरेचदा पांढरा चट्टा, लाल चट्टा दिसतो, त्याला मशीन लागत नाही, टॉर्च आणि बघणारा शिकलेला माणूस एवढं पुरतं. केरळात तिरुवनंतपुरमजवळ गावागावात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन 35 वर्षांवरच्या लोकांची तोंडं तपासली, 2005 मध्ये निकाल छापून आला, तंबाखू किंवा दारू असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्के कमी. नुसतं बघून. तुमच्या भागातल्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली 30 वर्षांपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तपासणी असते, पैसे पडत नाहीत, नाहीतर कुठलाही डेंटिस्ट बघेल. कवळी असेल तर काढून दाखवा, कवळीखालचंच राहून जातं. घरी तुम्ही पण बघा, उजेडात बसवून, गालाच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरडी आणि ओठाच्या मधली जागा जिथं ती मिशेरी ठेवते. दोन तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल तर दाखवायचा, हळद लावत बसायचं नाही. आणि मिशेरी सोडायला 68 हे उशिराचं वय नाही. "त्याशिवाय पोट साफ होत नाही" हे ती म्हणेलच, त्याला इसबगोल आहे, कोमट पाणी आहे, एकदम नाही जमलं तर आधी रात्रीची बंद करा.

दुसरं स्तन. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखावर बायकांवर अभ्यास केला, 35 ते 64 वयाच्या, अर्ध्या बायकांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित कार्यकर्तीनं हातानं तपासणी, मॅमोग्राफी नाही, काही नाही. 20 वर्षांनी हिशोब केला तर 50 च्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते, 50 च्या आत मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे वय वाढलं की सोडून द्या हे इथं उलटं आहे, मोठ्या बायकांनाच फायदा झाला. आईची हातानं तपासणी नक्की करून घ्या. मॅमोग्राफी परदेशात 74 पर्यंत दोन वर्षांनी सांगतात, आई तयार असेल तर करायला हरकत नाही, पण आधी तिला सांगा की कधी कधी परत बोलावतात, अजून फोटो काढतात, आणि परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना काही नसतं. तिनं मॅमोग्राफीला नको म्हटलं तर मी आग्रह धरणार नाही. तोंड आणि डाग यांचा मात्र धरीन.

तिसरं गर्भाशयाचं तोंड. आणि इथं मला आपल्या भागाचा अभिमान वाटतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, 1987 मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथं सुरू झाली. त्याच हॉस्पिटलनं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास केला, 30 ते 59 वयाच्या. काहींची एचपीव्ही टेस्ट (या कॅन्सरला कारण असलेला विषाणू शोधायची), काहींची पॅप (तिथल्या पेशी घेऊन बघायची), काहींची व्हिनेगरसारखं द्रावण लावून बघायची टेस्ट, काहींना नेहमीचंच. 2009 मध्ये निकाल आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. सगळ्या जगातल्या डॉक्टरांनी तो अभ्यास वाचला, आणि त्यातल्या बायका तुमच्या माझ्या पाहुण्यांच्या गावातल्या.

मला त्यातली अजून एक गोष्ट फार मोठी वाटते. त्या एचपीव्ही गटात बोलावलेल्या दर पाच बायकांतल्या जवळजवळ चार तपासणीला आल्या. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसतं, भारतात 30 ते 49 वयाच्या बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या 1.9 टक्के, स्तनाची 0.9, तोंडाची 0.9. शंभरात दोनसुद्धा नाहीत! मग आपल्या बायका येत नाहीत, अडाणी आहेत, ऐकत नाहीत असं म्हणतात ते खोटंच की ओ. बायका येतात. कुणीतरी दारात येऊन बसून समजावलं, कधी यायचं कुठं यायचं सांगितलं, सोबत चारचौघी असल्या, बघणारी बाई असली, निकाल परत येऊन सांगितला, तर येतात. दिवसाच्या विड्या वळून झाल्याशिवाय मजुरी नाही अशा बाईला नुसतं "ओपीडीला या" म्हटलं तर ती कशी येणार, तिचा दिवस बुडतो.

आईच्या वयाबद्दल. 65 नंतर गर्भाशयमुखाची ही तपासणी थांबवतात, पण ज्यांच्या आधीच्या टेस्ट नीट झाल्यात आणि चांगल्या आल्यात त्यांच्याच. आईची एकही झालेली नाही, म्हणून तिला ती सूट लागू नाही. डाग आहे म्हणजे डॉक्टर ते डोळ्यांनी बघतीलच आणि लागेल ते नमुने घेतील. एक लक्षात ठेवा, ती द्रावण लावून बघायची टेस्ट, व्हीआयए म्हणतात, ती पाळी गेलेल्या बायकांत भरवशाची नाही, कारण जिथं बघायचं ती जागा वयानुसार आत सरकते. कुठल्या शिबिरात कुणी ती करून "सगळं क्लिअर" म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका.

तिला तयार कसं करायचं. हात दाखवून अवलक्षण ही म्हण अण्णांच्या पॅकेजला लागू आहे, तिच्या डागाला नाही, तिला तसंच सांगा, तिलाही पटेल की ती अगदीच चूक बोलत नव्हती. कॅन्सर हा शब्द आधी काढूच नका. डाग का पडला ते बघून येऊ, एवढंच. "काय निघालं तर कोण करणार" यात मला खर्चाची आणि तुमच्यावर ओझं पडण्याची भीती दिसते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत योजनेतल्या दवाखान्यांत मोफत उपचार आहेत, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं. अण्णा 70 च्या पुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, ते काढून ठेवा. कागद हातात दाखवला की आईची अर्धी भीती जाईल. उरलेली भीती अंगाला कुणी हात लावण्याची, त्याला बाई डॉक्टर आणि तुम्ही सोबत. शेजारची एखादी तिच्याबरोबर विड्या वळणारी असेल तर तिला पण घेऊन चला, दोघी मिळून जातील, आणि त्या दुसरीची पण तपासणी होईल.

भावाला फोन करून सांगा की रक्ताचं पॅकेज रद्द कर, पैसे परत मिळत असतील तर आईच्या सोनोग्राफीला आणि अण्णांच्या डोळ्यांच्या तपासणीला लागतील. पैसे परत मिळत नसतील तर त्यात शुगर, किडनी, हिमोग्लोबिन असेल तेवढं अण्णांचं घ्या आणि कॅन्सरच्या मार्करवर (पीएसए, सीईए, सीए वगैरे) काट मारायला सांगा. गेलेले पैसे वसूल करायचे म्हणून टेस्ट करू नका.

आणि ताई, तुमचं स्वतःचं? एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्याबद्दल फक्त वय आहे. 46. त्या बार्शीवाल्या अभ्यासात ज्या वयाच्या बायकांना फायदा झाला त्याच वयात तुम्ही आहात, जागतिक आरोग्य संघटना 30 ते 49 च्या बायकांना आधी तपासा म्हणते. आईला घेऊन जाल तेव्हा स्वतःची एचपीव्ही टेस्ट कुठं आणि कितीला होते ते विचारा, पाळीचे दिवस सोडून करा, एकदा निगेटिव्ह आली की बरीच वर्षं परत लागत नाही. लग्न झालेल्या बहिणी, जावा असतील तर त्यांनाही सांगा. आईचे रिपोर्ट आले की मला लिहा, अस्तराची जाडी किती आली ते नक्की लिहा.